विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर

एप्रिल उजाडला की ब्रॅकनेलच्या रस्त्यांवर मोटारहोम दिसू लागतात. हिवाळाभर घरासमोर झाकून ठेवलेल्या या गाड्या धुतल्या-पुसल्या जातात आणि सुट्टी लागताच डेव्हन, वेल्सच्या वाटेला लागतात. २०२० सालापासून आपल्या मंडळींच्या गप्पांतही एक प्रश्न अधूनमधून निघतो: पुन्हा तशी साथ आलीच, तर असे चाकांवरचे घर जवळ असावे का? उत्तराआधी थोडे मागे जाऊ या.

या कथेचा आरंभ आपल्या शेजारीच झाला. ब्रॅकनेलहून मोटारीने अर्ध्या तासाच्या आत येणाऱ्या ट्वायफर्ड गावात डॉ. गॉर्डन स्टेबल्स राहत. ते आरमारातील निवृत्त वैद्य आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टॉलच्या कारखान्यातून 'वाँडरर' नावाची सुमारे दोन टन वजनाची गाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जुंपले आणि थेट स्कॉटलंडातील इन्व्हर्नेसपर्यंत प्रवास केला. केवळ हौसेने हिंडण्यासाठी बांधलेली ही पहिली कॅरॅव्हॅन मानली जाते. मोकळ्या हवेतले राहणे प्रकृतीला हितकर, असे डॉक्टरांचे ठाम मत होते.

या प्रवासाला अकरा वर्षे होतात न होतात तोच आपल्याकडे हजारो कुटुंबे मोकळ्या हवेत राहू लागली. मात्र हौसेने नव्हे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. १८९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या आरंभापर्यंत त्यातील जवळजवळ निम्मी माणसे शहर सोडून गेली. आगगाडी, बोट, बैलगाडी, जे मिळेल ते धरून लोक गावी पळाले आणि त्यांच्याबरोबर रोगही पुढे सरकला. पुणे फार काळ वाचले नाही.

गावोगावी तेव्हा एक रीत पडली. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे. माळावर, शेतात गवताच्या झोपड्या उभ्या राहायच्या. चूल, जाते, गुरे, देवघरातले देव, सारे बिऱ्हाड झोपडीत यायचे आणि साथ ओसरेपर्यंत महिनोन् महिने तिथेच मुक्काम पडायचा. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-पणजींनी 'प्लेगच्या झोपड्यां'च्या गोष्टी सांगितल्या असतील.

या उपायाने जीव वाचले, त्याला शास्त्रीय कारण होते. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता, पण तो उंदरांवरच्या पिसवांमार्फत माणसाला होतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे रोग घरात होता. घर सोडले की उंदीर आणि पिसवा मागे राहत.

तीच गोष्ट जबरदस्तीने झाली तेव्हा मात्र निराळी ठरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँड साहेबांच्या हाताखाली गोरे सोल्जर घरांत घुसून झडत्या घेऊ लागले, माणसे उचलून छावण्यांत नेऊ लागले. त्या संतापातून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर काय घडले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. पण त्याच वर्षी पुण्याबाहेर मोकळ्या जागी आणखी एक छप्पर उभे होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. गावाबाहेरची जागा तीच, पण एकीकडे माणसे ओढून नेली जात होती आणि दुसरीकडे मायेने उचलून.

आता २०२० कडे वळू. या वेळचा रोग घराच्या भिंतींत नव्हता, माणसाच्या श्वासात होता. त्यामुळे घर सोडून पळण्यात सुरक्षितता नव्हती, उलट रोग बरोबर नेण्याचा धोका होता. टाळेबंदीआधीच्या शनिवार-रविवारी स्नोडोनियात एवढी गर्दी लोटली की स्थानिक लोक हवालदिल झाले. २३ मार्चला टाळेबंदी जाहीर झाली, कॅरॅव्हॅनचे तळ बंद झाले आणि ज्यांचे कायमचे घरच तिथे होते त्यांना तेवढी मुभा राहिली. आपल्याकडे त्या गणपतीला मुंबईच्या चाकरमान्यांना कोकणात दहा दिवस विलगीकरणात राहावे लागले. शहरातून येणाऱ्या आपल्याच माणसाची गावाला भीती वाटावी, ही गोष्ट १८९७ मध्येही घडली होती.

इंग्लंडमधील तळ ४ जुलै २०२० रोजी उघडले. पुढच्या वर्षी, दुसऱ्या लाटेनंतर, १२ एप्रिल २०२१ पासून एकाच कुटुंबाने, न्हाणीघर-शौचालय इतरांबरोबर न वापरता मुक्काम करण्यास परवानगी मिळाली. हॉटेलांना मात्र १७ मेपर्यंत थांबावे लागले. म्हणजे सरकारी नियमांत पाच आठवडे मोटारहोम हे घरच ठरले.

तेव्हा पुढच्या साथीत या गाडीचा उपयोग काय? आमच्या मते, आधी रोग कशाने पसरतो ते पाहावे. तो घरात असेल तर बाहेर पडावे, माणसात असेल तर जागेवर थांबावे. गाडी कितीही स्वयंपूर्ण म्हटली तरी पाणी भरायला, मैला रिकामा करायला, दूध-भाजी घ्यायला आणि ताप चढला तर डॉक्टरकडे जायला कोणाच्या तरी गावात शिरावेच लागते. त्या गावचे इस्पितळ लहान असते, हे विसरून चालणार नाही.

२०२० च्या वसंतात या देशात काही मालकांनी आपल्या कॅरॅव्हॅन आणि मोटारहोम डॉक्टर-नर्सना वापरायला दिल्या. रुग्णालयातून आलेली व्यक्ती घरासमोरच्या गाडीत वेगळी राहायची आणि आतले आई-वडील, मुले सुरक्षित राहायची. चाके हलली नाहीत, तरी गाडीचे सार्थक झाले. आम्हाला तर ती प्लेगच्या झोपडीचीच नात वाटते.

मंडळी, आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढच्या फोनवर झोपड्यांविषयी जरूर विचारा आणि ते सांगतील ते लिहून ठेवा. पुढच्या साथीत काय करायचे, ते कदाचित त्यातच सापडेल.