कोणाची हरकत आहे काय?

वर्तमानपत्रातली 'जाहीर नोटीस' हा वाङ्मयप्रकार मला फार आवडतो. बँकेत कर्जखात्यावर बसणाऱ्या माणसाला तो वाचावाच लागतो म्हणा. अमुक गावची अमुक गट नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी करीत आहेत, तिच्यावर कोणाचाही गहाण, दान, वारसा, पोटगी, वहिवाट वगैरे हक्क असल्यास चौदा दिवसांत पुराव्यानिशी कळवावे, न कळवल्यास तो हक्क सोडून दिला असे समजले जाईल. दोन गुंठे जमिनीसाठी एवढी दवंडी! आणि सबंध जन्माच्या व्यवहाराला आपण काय छापतो? वर 'श्रीगणेशाय नमः', खाली 'कृपया आहेर आणू नये'. हरकतीचा रकानाच नाही.

ख्रिस्ती लोकांनी हा रकाना आठशे वर्षांपूर्वी उघडला. लग्न ठरलेल्या दोघांची नावं लागोपाठ तीन रविवार चर्चमध्ये मोठ्याने वाचायची आणि जमलेल्यांना विचारायचं, की हे लग्न का होऊ नये याचं रास्त कारण कोणाला ठाऊक असेल तर आत्ताच बोला. वसईपासून गोव्यापर्यंत आपल्याकडच्या ख्रिस्ती समाजालाही ही चाल नवी नाही. इंग्रजीत या घोषणेला 'बॅन्स' म्हणतात. 'बॅन' म्हटलं की आपल्याला बंदी आठवते, पण दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे: जाहीर हुकूम. लग्न आणि बंदी एकाच कुळातले निघावेत, यावर विवाहित वाचकांना मी अधिक काय सांगणार?

काही गावांत ही चाल आधीपासून होती, पण सगळ्या चर्चला ती लागू झाली १२१५ साली, पोप तिसरे इनोसंट यांनी रोमला भरवलेल्या लॅटरन परिषदेत. कारण मोठं मजेदार होतं. त्या काळी सात पिढ्यांपर्यंतच्या नात्यात लग्न चालत नसे. युरोपातल्या एखाद्या खेड्यात सात पिढ्या मोजायला बसलं तर लग्नाला मोकळा उरतो तो फक्त पाद्री, आणि त्याला तर लग्नच वर्ज्य! त्यामुळे बड्या घराण्यांत असं व्हायचं, की नवरा बायकोला कंटाळला की त्याला एकाएकी खापरपणजोबांची आठवण येई, कुठलं तरी नातं निघे आणि लग्न रद्द होई. परिषदेने सातावरून चार पिढ्यांवर आणलं आणि बजावलं, की नातं काढायचं ते लग्नाआधी काढा. त्यासाठी घोषणा सक्तीची. (आपल्याकडचं बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांचं सापिंड्य १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने पाच आणि तीनवर आणलं. सातशे चाळीस वर्षांचा उशीर झाला, पण फाईल हलली हे महत्त्वाचं.) पुढे १५६३ साली ट्रेंटच्या परिषदेने तीन घोषणा, धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार असा सगळा फॉर्मच छापून टाकला.

फॉर्म आला की सवलतीचा अर्ज आलाच. या बाबतीतला सर्वांत प्रसिद्ध अर्जदार म्हणजे विल्यम शेक्सपिअर. साल १५८२, महिना नोव्हेंबर. नवरदेव अठरा वर्षांचे, नवरी ॲन हॅथवे सव्वीस वर्षांची आणि तिला दिवस गेलेले. डिसेंबर उजाडला की नाताळापूर्वीचा व्रताचा काळ सुरू, त्यात घोषणा बंद. तीन रविवार थांबायला वेळ होता कोणाला? तेव्हा वूस्टरच्या बिशपच्या कचेरीतून एकाच घोषणेवर लग्न करायचा परवाना काढला. त्यासाठी चाळीस पौंडांचा बाँड लिहून दिला मुलीकडच्या दोन शेतकऱ्यांनी, म्हणजे लग्नात पुढे काही भानगड निघाली तर नुकसानभरपाई या जामीनदारांकडून. स्ट्रॅटफर्डच्या शाळामास्तरांना तेव्हा वर्षाला वीस पौंड पगार होता, यावरून रकमेचा अंदाज यावा. दोन जामीनदारांशिवाय आम्ही स्कूटरला कर्ज देत नसू, हे खरं. पण जगातल्या सर्वांत मोठ्या नाटककाराला लग्नासाठी जामीनदार लागले, हे वाचल्यापासून मला माझ्या टेबलाचा जरा अभिमान वाटू लागला आहे.

खरी गंमत पुढे आहे. २७ नोव्हेंबरच्या नोंदीत नवरीचं नाव आहे ॲन व्हेटली, आणि २८ तारखेच्या बाँडवर ॲन हॅथवे! शेक्सपिअरचं स्पेलिंगसुद्धा दोन्हीकडे निराळं. आमच्याकडे असा चेक आला तर 'नाव जुळत नाही' असा शेरा मारून परत जाईल. पण विद्वानांनी चेक परत केला नाही, काहींनी त्यावर प्रेमाचा त्रिकोण काढला: एक ॲन मनातली, एक गळ्यात पडलेली. मला हे मुळीच पटत नाही. त्याच दिवशी त्याच कचेरीत व्हेटली नावाच्या एका धर्मगुरूचं प्रकरण चाललं होतं. कारकुनाच्या कानात ते नाव घोळत होतं, तेच हातातून उतरलं. महिनाअखेरीला दिवसभर आकडे लिहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. विद्वानांनी चार दिवस काउंटरवर बसावं.

१६५३ साली, क्रॉमवेलच्या काळात, लग्न धर्मगुरूकडून काढून न्यायाधीशाकडे दिलं गेलं. घोषणा चर्चमध्ये नको असेल तर बाजाराच्या दिवशी भर बाजारात, तीन आठवडे. एकीकडे कोबीचा भाव आणि दुसरीकडे कोणाच्या तरी मुलीचं नाव! राजेशाही परत आल्यावर ही सोय गेली.

घोषणा टाळणारेही पुष्कळ होते. लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास कर्जापायी बुडालेले धर्मगुरू बसत. त्यांना दंड करून करणार काय? ते ना घोषणा विचारत, ना आईबापांची संमती. पैसे द्या, लग्न लावून घ्या, आणि वर थोडे दिलेत तर रजिस्टरात मागची तारीखसुद्धा. रस्त्यावर त्यांचे दलाल गिऱ्हाईक ओढत. फसल्या त्या बायका. नवरा 'मी हिला ओळखत नाही' म्हणून निघून गेला की हातात पुरावा काही नाही, कारण लग्न पाहिलेलं कोणी नाही. तीन रविवार सबंध गावाने ज्याचं नाव ऐकलं आहे, त्याला असं म्हणणं जड जातं.

म्हणून १७५३ साली लॉर्ड हार्डविक यांनी कायदा केला: चर्चमध्ये घोषणा किंवा परवाना, नाहीतर लग्नच बेकायदा. पण कायद्याला दुसरी धारही होती. एकविसाच्या आतल्या मुलामुलीच्या आईने किंवा बापाने घोषणेच्या वेळी उठून विरोध केला की घोषणा रद्द! फसवणाऱ्या नवऱ्यासाठी लावलेल्या सापळ्यात प्रेमात पडलेली पोरंही सापडू लागली. शहाणी पोरं शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये नावं देत, जिथे लांबलचक यादीत बापाला मुलीचं नाव ऐकू येणार नाही. श्रीमंत पोरं घोडागाडी करून सरहद्दीपलीकडे स्कॉटलंडमधल्या ग्रेटना ग्रीनला जात; तिथे दोन साक्षीदारांसमोर 'आम्ही नवरा-बायको' म्हटलं की झालं, आणि लग्न लावायला गावातला लोहारसुद्धा चाले. ऐरणीवरचा घाव हीच मंगलाष्टकं.

आपल्या मांडवात कोणी विचारत नाही हे बरंच आहे. 'कोणाची हरकत?' म्हटलं तर निम्मा मांडव उठेल: एकाला मानपान कमी पडला, एकाला पंगतीला उशीर झाला. आपण फक्त 'सावधान' म्हणतो, आणि ते वेळेवर ऐकलं ते एकट्या समर्थांनी, असं सांगतात. आपली चौकशी परस्पर चालते. मुदत ठेवीचा व्याजदर विचारायला आलेले गृहस्थ तिसऱ्या खिडकीतल्या मुलाकडेच का बघताहेत, हे आम्हाला लगेच कळतं. आणि हरकत येते ती निनावी पत्राने. चर्चमधल्या हरकतीला निदान तोंड असतं; उठायचं, नाव सांगायचं, कारण सांगायचं.

तरी सरकारने १९५४ साली विशेष विवाह कायद्यात हा रकाना आपल्यालाही दिला. तीस दिवस आधी नोटीस, ती कचेरीच्या फळ्यावर, आणि नोटिशीची वही कोणीही फुकट पाहावी. हरकत घ्यायची ती मोजक्या कारणांवर: आधीचं लग्न, वय, जवळचं नातं, वेडेपणा. उगाच हरकत घेणाऱ्याला हजार रुपयांपर्यंत खर्च सोसावा लागू शकतो. मुदत संपल्यावर लग्न करायचं, पण नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत. इंग्लंडात आजही बॅन्सची मुदत तीन महिनेच. २०१२ पासून आपला चेकही तीनच महिने चालतो. पण फळ्यासमोर जे येतात त्यांना या चार कारणांशी कर्तव्य नसतं. ते आडनावं वाचायला येतात. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलं, की जोडप्याची इच्छा असेल तरच नोटीस लावावी.

आमच्या शाखेतल्या एका मुलीचं लग्न त्याआधीचं. नवरा निराळ्या जातीचा. तिची नोटीस लागली त्या दिवसापासून ती कॅलेंडरवर रोज एक फुली मारी. अकराव्या दिवशी तिचे काका बँकेत आले. खातं नव्हतं, पण दोन तास बाकावर बसून राहिले. विसाव्या दिवशी पुन्हा आले. कोणी काही बोललं नाही. मॅनेजरांनी चहा मात्र पाठवला, तो त्यांनी घेतला नाही.

मुदत संपताच आम्ही तिघे अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो, कारण कायद्याला तीन साक्षीदार लागतात. मी तिसरा. सही करताना बँकेतल्या सवयीने मी नाव नीट वाचून पाहिलं. ॲन व्हेटली वगैरे काही नव्हतं. बाहेर आलो तर फळ्यापाशी काका उभे होते. ती थांबली. त्यांनी खिशातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि रिक्षात बसून निघून गेले. आत एकशे एक रुपये होते.