सक्रिय दीर्घिका आणि नागरिक-वैज्ञानिक

बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी सूर्याच्या लक्षावधी ते अब्जावधी पट वस्तुमानाचे कृष्णविवर असते. त्यात वायू कोसळू लागला की ती दीर्घिका 'सक्रिय' झाली असे म्हणतात. काही सक्रिय दीर्घिकांतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात. त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओलहरी सोडतात. हे झोत दीर्घिकेतील वायू तापवून बाहेर ढकलतात आणि नव्या ताऱ्यांचा जन्म थांबवू शकतात. मात्र ही घडामोड प्रत्यक्ष चालू असताना दिसणे दुर्मीळ असल्याने संशोधक तिच्या मागावर असतात.

डॉ. आनंद होता हे त्यांपैकी एक. 'स्पेका' या दीर्घिकेविषयीचा त्यांचा व सहकाऱ्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्राकार असूनही प्रचंड रेडिओझोत सोडणारी ही दीर्घिका एकदा नव्हे, तीनदा जागी झाल्याच्या खुणा तिच्यात आढळल्या. मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाच्या कालिना येथील मूलभूत विज्ञान केंद्राशी संबंधित असलेल्या होता यांनी २०१३ मध्ये 'रॅड अ‍ॅट होम' हा उपक्रम सुरू केला. स्वतंत्र इमारत नाही की मोठे अनुदान नाही. विज्ञान वा अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही समाजमाध्यमावरील गटातून प्रशिक्षण मिळते. नारायणगावजवळच्या खोडद येथील 'जीएमआरटी' या ३० अँटेनांच्या महादुर्बिणीने १५० मेगाहर्ट्‌झवर केलेल्या आकाशपाहणीच्या प्रतिमा सर्वांना खुल्या आहेत. त्या दृश्य प्रकाशातील प्रतिमांवर ठेवून वेगळे काही दिसते का, हे पाहायचे.

संगणक असताना माणूस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण संगणकाला शिकवलेला आकारच तो ओळखतो. विचित्र आकार खटकतो तो डोळ्यांना. हॉलंडमधील शिक्षिका हॅनी व्हॅन आर्केल यांना २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' प्रकल्पात असाच एक अनोळखी ढग दिसला होता.

'रॅड-१२' ही दीर्घिका या गटाच्या नजरेस पडली ती २०१३ मध्येच, निबंध मात्र २०२२ मध्ये आला. सुमारे एक अब्ज प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळून अळंबीसारखा फुगलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातील 'लोफर' दुर्बिणीच्या प्रतिमांतून, सुमारे साडेसात अब्ज प्रकाशवर्षे अंतरावरील, एकमेकांना छेदणाऱ्या दोन रेडिओ-कड्यांचा शोध जाहीर झाला.

कल्याणपलीकडच्या खडवली-वाशिंदच्या वाचकांना एक गोष्ट कदाचित ठाऊक नसेल. भारतीय रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात त्यांच्या शेजारीच झाली. १९६५ मध्ये गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३२ लहान तबकड्या कल्याण येथे उभारून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. उटीची दुर्बीण आणि खोडदची 'जीएमआरटी' ही त्यांचीच पुढची कामे होत. आज खोडदच्या प्रतिमा पाहण्यासाठी कल्याणलाही जावे लागत नाही. संगणक, इंटरनेट आणि रविवारचे दोन-चार तास पुरतात.