शिवसागराच्या पल्याड

वासोटा नकाशात बेट नाही, पण साताऱ्याकडून जाणाऱ्याला तो बेटच. बामणोलीला उतरायचं, लाँचमध्ये बसायचं आणि कोयनेच्या पाण्यावरून तास-दीड तासानं मेट इंदवलीला पाय टेकायचे. जुनी पायवाट पाण्याखाली गेली.

आमचं गावही त्याच पाण्याखाली. धरण बांधायला घेतलं तेव्हा आबा दहा वर्षांचे. साठच्या आसपास भांडीकुंडी, म्हशी आणि देव्हाऱ्यातले देव घेऊन घर निघालं ते सांगली जिल्ह्यातल्या खानापूरच्या माळावर आलं. धो-धो पावसातला माणूस तिथं आभाळाकडं बघत बसला. १९६२ पासून कोयनेची वीज तयार होऊ लागली. आमच्या वस्तीवर दिवा लागायला पुढं कैक वर्षं गेली.

लाँच निम्म्यात आली तशी आबांनी बोट दाखवलं, "हितं खाली आपला वाडगा व्हता." मी वाकून बघितलं. हिरवंगार पाणी, बाकी काही नाही.

मेट इंदवलीही आता ओस. वनखात्याच्या चौकीत नावं लिहिली. आबा म्हणाले, "तू जा वर, मी बसतो." दाट जंगलातून दोन तास चढलो. वर बिनछपराचा मारुती, महादेवाचं देऊळ, वाड्याची जोती आणि बाबूकड्याचा काळजात धस्स करणारा तुटलेला कातळ.

हा गड महाराजांनी १६६० साली घेतला. पुढच्याच वर्षी राजापुरात धरलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथं कैदेत ठेवलं होतं. पेशवाईच्या उतरत्या काळात ताई तेलिणीनं बापू गोखल्यांशी इथूनच झुंज दिली. १८१८ च्या एप्रिलात इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला, तेव्हा आतून त्यांचे दोन कैदी अधिकारी सुटले आणि साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरची माणसंही. ज्याला बाहेर पडू द्यायचं नाही, त्याला ठेवायची ही जागा. आमच्या लोकांचं उलटं झालं. त्यांना बाहेर काढलं आणि परत यायला पाण्यानं वाट ठेवली नाही. कैद्यांची नावं बखरीत, कागदात सापडतात. आमच्या गावाचं नाव आता फक्त आबांच्या तोंडी उरलंय.

खाली आलो तर आबा पाण्यात पाय सोडून बसलेले. म्हणाले, "ह्येच पाणी टेंभूतनं आपल्याकडं येतं न्हवं?"

खरंच होतं. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, खाली टेंभूला ते पाणी उचलतात आणि आमच्या माळाला देतात. ज्या पाण्यानं घर घेतलं, ते आमच्या द्राक्षाच्या मांडवापर्यंत पोचायला उभी हयात गेली.

"व्हय आबा," म्हणालो.

"मग आज्जीला सांगायला पायजे व्हतं," एवढंच बोलून ते उठले. लाँचवाला पलीकडून हाका मारत होता. सांजेच्या आत परतायचं असतं.