तुळईचं मूळ

कॅलिफोर्नियाहून भाच्याचा फोन आला, "मामा, घराला लाकडी डेक बांधतोय. भिंतीला फळी खिळ्यांनी ठोकली की काम फत्ते!"

मी हादरलोच. माझं बालपण गिरगावात, चाळीच्या लाकडी गॅलरीत गेलं. पापडांपासून वऱ्हाडापर्यंत सगळं तिनं पेललं. कारण खोलीखालच्या तुळयाच भिंतीतून आरपार बाहेर आलेल्या. त्यांची शेपटं बिऱ्हाडांच्या वजनाखाली दाबलेली. शत्रू एकच, भिंतीपाशी मुरणारं पाणी. पावसाळा सरला की म्हातारा सुतार प्रत्येक तुळईच्या मुळाशी पटाशी खुपसून बघे. आम्ही पोरं त्याला हसायचो.

१६ जून २०१५ ला कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीत असा पुढे काढलेला सज्जा कोसळला. लाकूड भिंतीपाशीच कुजलं होतं. ६ तरुण पोरं गेली. मग २०१८ साली तिथं कायदा झाला: तीन किंवा जास्त भाड्याची बिऱ्हाडं असतील, तर सज्जे दर ६ वर्षांनी तपासायचे.

आमचा सुतार दरवर्षी तपासायचा, तेही चहावर!

भाच्याला म्हटलं, "बाबा रे, खिळे ओढीनं निसटतात. आरपार बोल्ट घाल, फटीत पाणी शिरू देऊ नकोस. आणि घरात एक पटाशी ठेव. हसणारी पोरं आपोआप जमतील."