बटव्याचा टाका

नागलीची पेज दोनदा गाळायची. आधी चाळणीतून, मग धुतलेल्या धोतराच्या फडक्यातून. कोंड्याचा कण पोटात बसवलेल्या नळीत अडकला, की तलासरीच्या पाड्यावरून आधी हायवे गाठा, मग डहाणू किंवा वापी, आणि तिथेही जमलं नाही तर लोकलने थेट मुंबई. डहाणू-तलासरीत परिचारिका होते तेव्हा ही गाळणी मी कितीतरी सुनांना शिकवली. त्यांतल्या एकीच्या सासऱ्याला तोंडाचा कॅन्सर. पोटाच्या नळीत पेज सोडता सोडता तिने विचारलं, “सिस्टर, असं पोटाला भोक पाडायचं पहिल्यांदा सुचलं तरी कोणाला?” तेव्हा सांगता आलं नाही. निवृत्तीनंतर वाचून काढलं.

पहिलं भोक कोणी पाडलंच नव्हतं. 1822 साली अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीचा बार लागला. माणूस वाचला, पण पोटाचं छिद्र बुजलं नाही. डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्यातून दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडून पचन कसं होतं ते पाहिलं. सेंट मार्टिन त्यानंतर 50हून जास्त वर्षं जगला. मुद्दाम छिद्र पाडून घेणाऱ्यांच्या नशिबी तेवढं नव्हतं. 1849 मध्ये स्ट्रासबर्गला शार्ल सेदियो यांनी असं ऑपरेशन केलं, पेशंट दगावला. 1875 मध्ये लंडनला सिडनी जोन्स यांचा पेशंट 40 दिवस जगला, तर तेच यश मानलं गेलं.

पेशंट जगू लागले तशी गळती डोकं वर काढू लागली. पोटातलं आम्ल नळीच्या कडेने झिरपतं आणि कातडी भाजून काढतं. 1891 मध्ये जर्मनीच्या विट्झेल यांनी पोटाच्या भिंतीची घडी नळीवर शिवून तिरका बोगदा केला. 1894 मध्ये अमेरिकेच्या स्टॅम यांनी नळीभोवती गोल टाके घालून ते आवळले. आमच्याकडचे म्हातारे तंबाखूच्या बटव्याचं तोंड नाडीने आवळतात, अगदी तस्सं. ज्या बटव्यापायी तोंड गेलं, त्याच्याच धर्तीचा टाका पोटाला!

1921 मध्ये लंडनच्या जॉन राइल यांनी नाकातून घालायची बारीक नळी आणली. आपल्या वॉर्डात अजून नुसतं “राइल्स घाला” म्हणतात. टाका नाही, भोक नाही. पण महिनोन्महिने ठेवली तर नाक सोलवटतं, आणि खोकल्याने जागची हलली तर पेज फुफ्फुसात जाते.

1979 मध्ये क्लीव्हलंडला गॉडरर आणि पॉन्स्की यांनी पोट न उघडता नळी बसवली. तोंडातून दुर्बीण सोडायची, पोटावर तिचा उजेड दिसेल तिथे सुई घालायची, सुईतून सोडलेला दोरा तोंडातून बाहेर घ्यायचा आणि त्याला बांधून नळी खाली ओढायची. पहिला पेशंट तान्हं बाळ होतं. हीच ती ‘पेग’. पण तोंडातून उतरलेली नळी तोंडातले जंतू जखमेपर्यंत नेते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये क्वचित गाठीच्या पेशीही. बाहेरची चकती फार घट्ट बसवली, तर आतली पोटाच्या भिंतीत रुतते. पुढे एक्स-रेखाली बाहेरूनच नळी घालायची पद्धत आली. तोंडाची वाट टळली, पण या नळ्या बहुधा बारीक. त्या लवकर तुंबतात, आणि नळी धरून ठेवणारा आतला फुगा फुसका झाला की निसटतात.

म्हणजे त्रासाने फक्त घर बदललं. आधी तो ऑपरेशनच्या टेबलावर होता, मग कातडीवर आला, आता पाड्यावर मुक्कामाला आलाय. टेबलापाशी सर्जन असतो, पाड्यावर सून असते. त्या सासऱ्याची नळी एका रात्री झोपेत उपसली गेली. गाडी मिळून इस्पितळ गाठेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली, भोक बुजत आलं होतं. घरी सोडतानाच्या कागदावर नळीचा प्रकारसुद्धा लिहिलेला नव्हता.

म्हणून इस्पितळातून निघताना तीन गोष्टी लिहून घ्या: नळी कोणत्या प्रकारची, कातडीपाशी किती सेंटिमीटरची खूण, आणि बदलायची कधी. पेजेआधी आणि पेजेनंतर कोमट पाणी सोडा. नळी निघालीच, तर घरच्या घरी परत खुपसू नका. नवीन भोक असेल तर नळी चुकीच्या जागी शिरते, पेज जठराबाहेर उदरात सांडते आणि जीव जाऊ शकतो. वर स्वच्छ कापड ठेवा आणि सकाळची वाट न बघता निघा. भोक काही तासांत बुजतं.