विद्युत्चुंबकीय बलाद्वारे उपग्रहसमूहाचे नियंत्रण : एका संकल्पनेचा इतिहास

अनेक उपग्रहांनी परस्परांपासून ठराविक अंतर राखून एकाच उपकरणाप्रमाणे कार्य करावे, ही कल्पना १९९० च्या दशकात खगोलशास्त्रात महत्त्व पावली. दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधण्यास लागणारी अवाढव्य दुर्बीण एकसंध पाठविणे अशक्यप्राय होते. म्हणून नासाच्या ‘टेरेस्ट्रियल प्लॅनेट फाइंडर’ या योजनेत तिचे आरसे स्वतंत्र यानांवर ठेवण्याचा विचार झाला. तथापि असा समूह सतत फिरता ठेवावयाचा तर इंधन जळत राहते आणि ते संपताच सुस्थितीतील उपकरणेही निकामी ठरतात. शिवाय एका यानाचा वायू दुसऱ्याच्या आरशांवर साचण्याची भीती असते, ती वेगळीच.

या अडचणीवर अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डेव्हिड मिलर, रेमंड सेडविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात एक उपाय विकसित केला. त्याचे मूळ १८२० मधील अँपिअरच्या प्रयोगांत आहे : विद्युत्प्रवाह वाहणाऱ्या दोन तारा परस्परांना आकर्षितात वा दूर सारतात. प्रत्येक यानावर तारेची मोठी वेटोळी बसवून त्यांतील प्रवाह बदलला की याने जवळ येतात, दूर जातात किंवा बाजूला सरकतात. त्यातून उद्भवणारे परिबल यानातील फिरती चक्रे पेलतात. वीज सूर्यप्रकाशातून मिळत असल्याने ती संपण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र ही बले समूहांतर्गत असल्याने संपूर्ण समूहाची कक्षा त्यांच्यामुळे बदलता येत नाही. या मर्यादेची जाणीव संशोधकांना आरंभापासूनच होती.

खरी अडचण अंतराची ठरली. दोन चुंबकीय द्विध्रुवांमधील बल अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर दुप्पट झाले की बल सोळाव्या हिश्शावर येते. म्हणून प्रचंड प्रवाह हवा आणि त्यासाठी अतिसंवाहक तार हवी. १९११ मध्ये ज्ञात झालेली अतिसंवाहकता १९८७ पर्यंत द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला साध्य झाली होती, हे या संशोधकांचे भाग्यच. त्यांनी अशी वेटोळी बसविलेली दोन चाचणीयाने हवेच्या पातळ थरावर तरंगवून जमिनीवर प्रयोग केले. परंतु तेथे हालचाल एकाच प्रतलापुरती मर्यादित होती.

ही मर्यादा ओलांडण्यासाठी २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात ‘रिंग्ज’ हा प्रयोग नेण्यात आला. सेडविक तोवर मेरीलँड विद्यापीठात गेले होते. स्थानकातील ‘स्फिअर्स’ या छोट्या यानांभोवती ॲल्युमिनिअमची वेटोळी बसविण्यात आली. ती अतिसंवाहक नव्हती, प्रत्यावर्ती प्रवाहावर चालत होती. साहजिकच बल अल्प होते. पण त्याच वेटोळ्यांतून एका यानाकडून दुसऱ्याकडे तारेविना वीज पोहोचविता येते, हेही या प्रयोगात तपासले गेले. ज्या योजनेसाठी हा सारा खटाटोप आरंभला होता, ती मात्र तोवर रद्द झाली होती.

५ डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून भारतीय पीएसएलव्हीने युरोपीय अवकाश संस्थेचे ‘प्रोबा-३’ हे यानयुगुल सोडले. सुमारे १५० मीटर अंतरावरून एक यान दुसऱ्यासाठी सूर्यबिंब झाकते आणि ही रचना मिलिमीटरच्या अचूकतेने राखली जाते, तीही वायुक्षेपकांच्या साहाय्याने. दहा मीटरवर वेटोळ्यांचे जे बल असेल, त्याचा केवळ ५०,६२५ वा अंश या अंतरावर उरला असता.