मापाचं हाड : पुण्याच्या मेणापासून टायटॅनियमपर्यंत

हाडातली गाठ काढली की तिथे पोकळी राहते. ती कशाने भरायची, हे वैद्य ठरवतील. पण कोणाच्या मापाने भरायची, हा प्रश्न आम्हा तत्त्वज्ञानाच्या माणसांनाही पडतो.

हा प्रश्न आजच्या यंत्रांपेक्षा जुना आहे. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाची हकिगत छापून आली. टिपूच्या कैदेत त्याचं नाक कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या, वीटभट्टीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने ते पुन्हा घडवलं. कसं? आधी त्याच चेहऱ्यावर मेणाचं नाक बसवून पाहिलं. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवलं, आणि तेवढीच कातडी खाली वळवली. म्हणजे माप आधी, सुरी नंतर.

हाडाच्या बाबतीत हे फार उशिरा आलं. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरोल्ड बोलमन यांनी मांडीच्या हाडाचा गाठीने खाल्लेला वरचा भाग काढून, त्याच रुग्णासाठी घडवलेला धातूचा भाग बसवला. पुढे ठरावीक मापांचे तयार भाग मिळू लागले. मांडीला ते चालतात. पण जबडा नि कटीचं हाड प्रत्येकाचं वेगळं, तिथे तयार माप अपुरं पडतं.

आता सीटी स्कॅनवरून संगणक निरोगी बाजूची आरशातली प्रतिमा घेतो, आणि टायटॅनियमची भुकटी थरावर थर वितळवून तोच आकार उभा करतात. त्यात बारीक छिद्रं ठेवतात, हाड आत वाढावं म्हणून. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं, हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं. २०१४ मध्ये बीजिंगला बारा वर्षांच्या मुलाच्या मानेत असा छापील मणका बसला.

पण भुलू नका. छापलेलं हाड कर्करोग बरा करत नाही, आणि मुलाबरोबर वाढतही नाही. ते तयार होईतो गाठ वाढली, तर मापच चुकतं. म्हणून जबड्यासाठी आजही पोटरीचं बारीक हाड काढून लावतात. छापील नमुना ते कुठे कापायचं एवढं सांगतो. जिवंत हाड आणि यंत्राचं माप, दोन्ही मिळून काम होतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात तर प्रश्न यंत्राच्याही आधीचा आहे. तंबाखू, गुटखा, खर्रा. मग तोंडात न भरणारी जखम, आणि महिनोन्‌महिने घरगुती उपाय. मलकापूर किंवा शेगावहून मुंबईची गाडी धरेपर्यंत गाठ जबड्यात शिरलेली असते. दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम आपण लगेच दाखवली, तर कदाचित जबडाच कापावा लागणार नाही. शेवटी कोणी कितीही मापाचं हाड करून दिलं, तरी आपलं स्वतःचं हाड वाचणं हेच बरं, नाही का?